बुकिंगनंतरचे पंधरा दिवस

गुढीपाडवा असो, अक्षय्य तृतीया असो की दसरा, पुणे, ठाणे, नाशिक अशा शहरांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गृहप्रकल्पांच्या साइट ऑफिसात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. दाराला तोरण, आत सजवलेला सॅम्पल फ्लॅट, टेबलावर कॉस्ट शीट आणि ‘हा रेट फक्त आजच्यापुरता’ असं सांगणारा विक्री प्रतिनिधी. टोकनचा चेक दिला जातो, पावती मिळते, पेढा हातावर पडतो. संध्याकाळपर्यंत आत्या-मामांना फोन होतात आणि ‘घर घेतलं’ ही बातमी चार गावांत पोचते.

घर मात्र अजून घेतलेलं नसतं. नोंदणी झालेली नसते, कर्ज मंजूर झालेलं नसतं, झालेलं असतं ते फक्त बुकिंग. याच दिवसांत अनेकांच्या पोटात गोळा येतो. कॉस्ट शीटवरचे आकडे पहिल्यांदा शांतपणे वाचले जातात, नवरा-बायको एकमेकांना विचारायला लागतात, ‘आपल्याला झेपेल ना?’ आणि घरातली मोठी माणसं सांगतात, ‘मोठं काम केलं की असं वाटतंच, होईल सवय.’ या समजावणीत प्रेम असतं, पण ती अर्धीच खरी आहे. काही धाकधूक नुसती मनाची असते, तर काही धाकधुकीमागे हिशेब असतो. या दोन्हींमधला फरक ओळखायला लागणारा वेळ कायद्यानं थोडाफार उपलब्ध करून दिला आहे. तो बहुतेकांना माहीतच नसतो आणि सल्ले ऐकण्यात निघून जातो.

रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात तो राबवणाऱ्या महारेरा या प्राधिकरणाचं काम मे २०१७ पासून सुरू झालं. या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करारनाम्याची नोंदणी होण्याआधी बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. बुकिंग झालं की तो वाटपपत्र म्हणजे ॲलॉटमेंट लेटर देतो. महारेरानं या पत्राचा नमुना ठरवून दिला आहे आणि त्यात बुकिंग रद्द केल्यास किती कपात होईल याचा तक्ता आहे. पत्राच्या तारखेपासून १५ दिवसांत रद्द केलं तर कपात शून्य. १६ ते ३० दिवसांत घराच्या किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. रद्द करण्याचं पत्र पोचल्यापासून ४५ दिवसांत उरलेली रक्कम परत मिळाली नाही, तर त्यावर व्याजही द्यावं लागतं.

साठ लाखांच्या फ्लॅटला हा तक्ता लावून पाहा. पंधराव्या दिवशी मन बदललं तर खर्च काही नाही, सोळाव्या दिवशी ६० हजार, दुसऱ्या महिन्यात ९० हजार, त्यापुढे १ लाख २० हजार. करारनाम्याची नोंदणी झाल्यावर मामला आणखी महाग होतो. भरलेलं मुद्रांक शुल्क परत मिळवायचं तर ठरावीक अटी आणि मुदती पाळाव्या लागतात, नोंदणी फी गेलेलीच असते, आणि बिल्डर करारातल्या कलमानुसार रक्कम कापतो. गुरुग्राममधल्या एका प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये २० टक्के कपातीचं कलम एकतर्फी ठरवलं, पण मूळ किमतीच्या १० टक्के कपात ग्राह्य धरली. साठ लाखांवर हे होतात सहा लाख. म्हणजे एकाच शंकेची किंमत पहिल्या पंधरवड्यात शून्य असते आणि वर्षभरानं ती सहा लाखांवर जाऊ शकते. शंका येणं आपल्या हातात नाही, ती कधी तपासायची हे मात्र नक्की आपल्या हातात आहे.

तरीही माणसं ती तपासत नाहीत, आणि याची कारणं मानसशास्त्रानं बरीच शोधली आहेत. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं १९५७ मधलं पुस्तक यातलं पायाभूत मानलं जातं. एखादा मोठा निर्णय घेतल्यावर मनात दोन परस्परविरोधी गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, आणि मन त्यातली एक बदलून आपली बेचैनी मिटवतं, असं त्याचं म्हणणं. त्याच वर्षी अमेरिकेत नुकतीच गाडी घेतलेल्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विचारात घेऊन सोडून दिलेल्या गाड्यांच्या जाहिरातींपेक्षा ही माणसं स्वतः घेतलेल्या गाडीच्या जाहिराती जास्त वाचत होती. गाडी तर घेऊन झाली होती, मग जाहिरात कशासाठी? आपण बरोबर केलं, हे कुणीतरी सांगावं म्हणून. आपल्याकडे बुकिंग झाल्यावर माणूस त्या भागात येणारी मेट्रो, रिंगरोड, आयटी पार्क यांच्याच बातम्या शोधत बसतो, तेही याच ओढीनं.

याहून बोलका प्रयोग डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांचा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवून घ्यायचं होतं. काहींना नंतर निवड बदलायची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना बदलता येणार नव्हतं, त्यांना आपलं छायाचित्र पुढे जास्त आवडलं. दार बंद झालं की मन जुळवून घेतं आणि उघडं असेपर्यंत रेंगाळतं, असा त्याचा अर्थ. घराच्या बाबतीत हे नीट लक्षात घ्यायला हवं. पंधरा दिवस उलटल्यावर वाटणारं हायसं हे हिशेब जुळल्याचा पुरावा नसतं. मुदत संपली म्हणूनही मन शांत होतं, आणि बँकेचा हप्ता त्या शांततेची दखल घेत नाही.

तिसरी अडचण म्हणजे भरलेले पैसे. ‘दोन लाख दिलेत, आता मागे कसं फिरायचं?’ हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये विद्यार्थ्यांपुढे एक काल्पनिक पेच ठेवला होता. १०० डॉलरची एक सहल आणि ५० डॉलरची दुसरी, दोन्हींचे पैसे भरून झालेत, दोन्ही एकाच शनिवार-रविवारी आहेत, आणि स्वस्त सहलीतच जास्त मजा येईल असं वाटतंय. पैसे दोन्हीकडचे गेलेलेच आहेत, तेव्हा मजा जिथे जास्त तिथे जावं. तरी निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी महागडी सहल निवडली. आपल्याकडे यात चारचौघांचीही भर पडते. पेढे वाटून झालेले असतात, आणि बुकिंग रद्द केलं म्हणजे ‘यांना परवडलं नाही’ असं लोक म्हणतील, ही भीती दोन लाखांहून मोठी ठरते. मला ही भीती सगळ्यांत घातक वाटते. पेढे खाणाऱ्यांपैकी कुणीही पुढची वीस वर्षं हप्ता भरायला येणार नसतं.

आता हिशेबाकडे वळू. इथेच थोडं थांबायला हवं, कारण साइट ऑफिसातला हिशेब आणि घरातला हिशेब यांत फार अंतर असतं.

समजा, पुण्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ६० लाखांचा फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देऊ शकते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख आपले. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही, तो वेगळा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. बेरीज साडेसात लाख. म्हणजे कर्ज सोडून हातातून जाणारी रक्कम १९ लाख ५० हजार. सॅम्पल फ्लॅटमधलं मॉड्युलर किचन, कपाटं, पडदे, सेफ्टी डोअर यांतलं काहीही यात नाही. ही साडेएकोणीस लाखांची जुळवाजुळव मुदत ठेवी मोडून, पीएफमधून उचल घेऊन, बऱ्याचदा वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांना हात लावून होते. घर मिळतं, पण अडीअडचणीला ठेवलेली गंगाजळी आटते. बिचकायचं असेल तर पहिलं इथे बिचकावं.

आता हप्ता. ४८ लाख, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत धरली तर हप्ता येतो सुमारे ४१,६५५ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात ३४ हजार रुपये व्याज असतं आणि मुद्दल फिटतं अवघं साडेसात हजारांच्या आसपास. वीस वर्षांत एकूण भरणा जवळजवळ एक कोटी होतो. ‘घरभाडं भरण्यापेक्षा हप्ता भरा’ हे वाक्य ऐकायला गोड लागतं, पण सुरुवातीची अनेक वर्षं हप्त्याचा मोठा भाग हाही बँकेला दिलेलं पैशांचं भाडंच असतो.

शिवाय हा दर कायमचा नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात तो पूर्ण एक टक्क्यानं खाली आला. वीस वर्षांत असे चढउतार अनेकदा होणार. आपल्या उदाहरणात दर साडेनऊ झाला तर हप्ता सुमारे तीन हजारांनी वाढतो. हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली, तर सुरुवातीपासून धरल्यास वीसची जवळपास पावणेसव्वीस वर्षं होतात. पूर्वी बँका परस्पर मुदत वाढवून टाकत आणि कर्जदाराला ते वर्षानुवर्षं कळतही नसे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आदेश काढला की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय कर्जदाराला द्यायला हवा. आपल्या बँकेकडून हे लेखी मागा.

करसवलतीच्या भरवशावरही फार राहू नका. गृहकर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली हीच आपोआप लागू होणारी आहे, आणि स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट तिच्यात नाही. ‘टॅक्समध्ये एवढे वाचतील’ असं कुणी सांगितलं, तर आपली प्रणाली कोणती हे आधी पाहा.

बांधकाम चालू असलेल्या घराचा सगळ्यांत मोठा पेच मात्र ताब्याच्या आधीचा असतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. स्लॅब पडत जातात तशी बँक बिल्डरला टप्प्याटप्प्यानं रक्कम देते, आणि दिलेल्या रकमेवरचं व्याज आपल्याकडून दरमहा घेते. यालाच प्री-ईएमआय म्हणतात. यात मुद्दलातला एक रुपयाही फिटत नाही. निम्मं कर्ज उचललं गेलं की हे व्याज महिन्याला १७ हजार होतं, ८० टक्के उचललं की २७,२००. या काळात आपण राहत असतो भाड्याच्या घरात. भाडं २४ हजार असेल तर घरापायी जाणारी रक्कम झाली ५१,२००, म्हणजे पूर्ण हप्त्यापेक्षाही साडेनऊ हजारांनी जास्त. ताबा सहा महिने लांबला की ही ओढाताण सहा महिने लांबते. रेराच्या कलम १८ नुसार ताब्याची तारीख चुकली तर पैसे व्याजासह परत मागता येतात, किंवा घर ठेवून उशिराचं व्याज मागता येतं. पण तक्रार निकाली निघेपर्यंत भाडं आणि व्याज चालूच राहतात.

आता घरखर्चाची वही उघडू. दोघं नोकरी करतात, हातात मिळून १ लाख १० हजार येतात, एक मूल शाळेत आहे, असं कुटुंब धरू. किराणा, भाजी, दूध १६ हजार. वीज, गॅस, मोबाईल, इंटरनेट ५ हजार. पेट्रोल आणि प्रवास ७ हजार. धुण्या-भांड्यांच्या मावशींचा पगार साडेतीन हजार. गावी आई-वडिलांना ८ हजार. मुलाची व्हॅन आणि क्लास ६ हजार. औषधं, बाहेरचं खाणं, इतर किरकोळ ९ हजार. बेरीज ५४,५००. बहुतेक कुटुंबं हिशेब इथे थांबवतात आणि म्हणतात, निम्मा पगार शिल्लक राहतो, हप्ता सहज बसेल.

तो बसत नाही, कारण वर्ष बारा सारख्या महिन्यांचं नसतं. जून आला की शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट. मग गणपतीला गावी जाणं. मग दिवाळी, कपडे, फराळ, भाऊबीज. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई आणि आहेर. मध्येच आरोग्य विम्याचा आणि टर्म पॉलिसीचा हप्ता, गाडीचा विमा, टायर, सर्व्हिसिंग. हे खर्च अचानक आले असं आपण दरवर्षी म्हणतो, पण यातल्या जवळजवळ प्रत्येकाचा महिना कॅलेंडरवर आधीच छापलेला असतो. याच कुटुंबाचा शाळेवर ८० हजार, विम्यांवर ४५ हजार, सणांवर ४० हजार, गावच्या फेऱ्या आणि लग्नकार्यांवर ३५ हजार, गाडीवर १६ हजार खर्च धरा. एकूण २ लाख १६ हजार, म्हणजे महिन्याला १८ हजार. खरा मासिक खर्च ५४,५०० नसून ७२,५०० आहे. मोडणारी बहुतेक अंदाजपत्रकं या १८ हजारांपाशी मोडतात, आणि मग क्रेडिट कार्ड बाहेर येतं.

आता दोन्ही बाजू जोडू. ताब्याच्या आधीच्या कठीण काळात ७२,५०० अधिक ५१,२००, म्हणजे १ लाख २३ हजार ७००. उत्पन्न १ लाख १० हजार. दरमहा तूट १३,७००. ताबा मिळाल्यावर भाडं थांबलं आणि ४ हजार मेंटेनन्स धरला, तरी खर्च १ लाख १८ हजारांच्या वर जातो आणि तूट आठ हजारांवर राहते. बचत शून्य. आणि या कुटुंबाला बँक कर्ज आनंदानं देईल! हप्ता उत्पन्नाच्या ३८ टक्के आहे, आणि बँकांच्या चौकटीत तो बसतो. बँक तपासते ते तिचे पैसे बुडणार नाहीत ना, एवढंच. तुम्ही आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे कुठून आणणार, हा तिच्या अर्जावरचा प्रश्न नाही. ‘बँकेनं मंजूर केलं म्हणजे झेपेल’ हा समज म्हणूनच सोडून द्यायला हवा.

पंधरा दिवसांत करायचं काम एवढंच आहे. दोघांच्या खात्यांची मागच्या वर्षभराची स्टेटमेंट काढा आणि महिन्याअखेर खरोखर किती शिल्लक राहत होती ते पाहा. आजचं भाडं आणि खरी शिल्लक मिळून जी रक्कम होते, तीत नवा हप्ता आणि मेंटेनन्स बसतो का? दोघांपैकी एकाचा पगार सहा महिने थांबला, बाळंतपण आलं, नोकरी गेली, तर हप्ता कुठून जाईल? ९० दिवस हप्ता थकला की कर्ज अनुत्पादित ठरतं आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याच्या वाटेला लागू शकते. या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मिळत असतील आणि तरीही धाकधूक असेल, तर ती मनाची आहे. ती ओसरेल, घर घ्या. उत्तरं ‘होईल काहीतरी’ अशी येत असतील, तर ती धाकधूक खरं बोलते आहे.

खरं बोलत असेल तर मागे फिरण्यात काहीही कमीपणा नाही. रद्द करण्याचं पत्र लेखी द्या, ईमेलही करा आणि पोच असलेल्या टपालानंही पाठवा. तोंडी सांगून किंवा प्रतिनिधीला व्हॉट्सॲप करून भागत नाही. ‘साहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असं उत्तर मिळालं, तर सोळावा दिवस ते साहेब परत येण्याची वाट पाहत नाही. पैसे अडवले गेले तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिचं शुल्क पाच हजार रुपये आहे, आणि समेटासाठी सलोखा मंचही आहे. बुकिंगआधीच हे वाचत असाल तर आणखी एक करा. कर्ज मंजूर झालं नाही तर पूर्ण रक्कम परत मिळेल, हे वाटपपत्रात लिहून घ्या. आणि वाटपपत्राचा मसुदा महारेराच्या नमुन्यापेक्षा कुठे वेगळा आहे, तेही पाहा.

मागे फिरणं म्हणजे घराचा नाद सोडणं नव्हे. हेच कुटुंब ४५ लाखांच्या घराकडे वळलं तर कर्ज ३६ लाख आणि हप्ता सुमारे ३१,२४० होतो, महिन्याला दहा हजारांहून अधिक कमी. पुण्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्राचं आणि ४५ लाखांपर्यंत किमतीचं घर परवडणाऱ्या घरांत मोडतं आणि जीएसटी ५ ऐवजी १ टक्का लागतो, म्हणजे ३ लाखांऐवजी ४५ हजार. एका खोलीचा किंवा दोन किलोमीटरचा त्याग वीस वर्षांच्या काटकसरीपेक्षा जास्त पैसे वाचवतो. माझं ठाम मत आहे की मध्यमवर्गीय घराची खरी काटकसर घर निवडतानाच होते. नंतरची असते ती नुसती ओढाताण.

घर ठेवायचं ठरलं, तर कमरेचा पट्टा आवळावा लागणारच. पण तो कुठे आवळायचा? आपल्याकडे गदा पहिल्यांदा चहा, वडापाव आणि मुलांच्या आइस्क्रीमवर येते. यूपीआयची यादी उघडली की २०, ४०, १२० रुपयांच्या ओळीच ओळी दिसतात आणि गुन्हेगार सापडल्यासारखं वाटतं. त्या सगळ्या मिळून महिन्याला दोनेक हजार भरतात, आणि त्या बंद केल्या की घरातला आनंद मात्र लगेच आटतो. चार महिन्यांत सगळे कंटाळतात आणि पट्टा सुटतो. म्हणून सुरुवात मोठ्या, ठरलेल्या खर्चांपासून करा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती सगळ्यांत आधी संपवा. त्यावर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज लागू शकतं आणि किमान रक्कम भरत राहिल्यानं ते थांबत नाही. गाडीचा हप्ता चालू असेल तर दुसरी गाडी, मोठा टीव्ही, परदेश सहल हे विषय ताबा मिळेपर्यंत बंद. ताब्यापर्यंत थोड्या लांबच्या, स्वस्त घरात राहता आलं आणि भाडं २४ वरून १८ हजारांवर आलं, तर तुटीतले सहा हजार एका फटक्यात भरून निघतात. अंतर्गत सजावटीसाठी वैयक्तिक कर्ज काढू नका, ते गृहकर्जापेक्षा महाग असतं. पहिलं वर्ष जुन्या कपाटांवर निभावतं.

आणि वार्षिक खर्चांचे ते महिन्याचे १८ हजार वेगळ्या खात्यात पगाराच्या दिवशीच वळते करा. पगार १ तारखेला आला की त्याच दिवशी ही रक्कम निघून जायला हवी, मग जून आणि दिवाळी घाबरवत नाहीत. पूर्वी अनेक घरांत बायका भिशी लावून हेच साधत असत, आज बँकेतलं आवर्ती ठेवीचं खातं ते काम करतं.

काही खर्चांना हात लावू नये, असंही मला मनापासून वाटतं. आरोग्य विमा आणि टर्म विमा हे घरावरचं छप्पर आहेत, हप्ता जुळवण्यासाठी ते बंद करणं म्हणजे नव्या घराचंच छप्पर काढणं. गावी आई-वडिलांना जाणारे पैसे हेही कापायच्या यादीत नसावेत. मात्र कर्ज घेताना बँकेत एखादी एकरकमी विमा पॉलिसी पुढे केली जाते आणि तिचा हप्ता कर्जातच मिसळला जातो, ती नीट तपासा. नको असेल तर पॉलिसीचा दस्तऐवज हातात पडल्यापासून ३० दिवसांत फ्री-लूकच्या मुदतीत परत करता येते. किरकोळ वजावट होऊन पैसे परत मिळतात. टर्म विमा स्वतः वेगळा घेतला तर तो बहुधा स्वस्त पडतो, आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी सोबत राहतो.

पुढे पगार वाढतील, बोनस येईल. स्वतःच्या घरासाठी वैयक्तिक नावावर घेतलेल्या फ्लोटिंग कर्जाची मुदतीआधी परतफेड केल्यास बँक दंड आकारू शकत नाही. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला, तरी साडेआठ टक्क्यांचं वीस वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटतं. सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जास्तीचा रुपया सगळ्यांत जास्त व्याज वाचवतो, म्हणून ही सवय पहिल्या दिवाळीपासूनच लावा. भरताना हप्ता कमी करायचा नसून मुदत कमी करायची आहे, हे बँकेला लेखी कळवा.

नुकतंच बुकिंग केलं असेल, तर आज रात्री जेवणं झाली की वाटपपत्र काढा, त्यावरची तारीख पाहा आणि पंधरावा दिवस कोणता ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोघांनी मिळून एकदा, वार्षिक खर्चांसकट, पूर्ण हिशेब मांडा. मुलं कळती असतील तर त्यांनाही बसवा. घर ठेवायचं की सोडायचं, ते त्या दिवसाच्या आत ठरवा.